दोन बोटांची फट

कारागिराने टेबलावर नकाशाचे दोन तुकडे जपून एकमेकांकडे सरकवले. वरची-खालची कड एका रेषेत आली, पण मध्ये दोन बोटांची फट राहिली ती राहिलीच.

"नदीच नाही इथे," तो म्हणाला. जुने कागद दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. गोड बोलायला सवड झाली नव्हती.

एकोणिसाव्या शतकातल्या एका लढाईचा तो लष्करी नकाशा. डाव्या काठावर तांबडी फौज, उजव्या काठावर निळी. वडिलांमागे दोघा भावांनी घर वाटून घेतलं, भांडी वाटून घेतली. नकाशापाशी दोघेही अडून बसले, तेव्हा धाकट्याने कात्री आणून तोही वाटला. त्याने वाकडं कापून नदीवरचा पूल लाटला, हे थोरल्याने वीस वर्षं येईल-जाईल त्याला ऐकवलं होतं. गेल्या महिन्यात धाकटा गेला आणि थोरल्याला भांडायलाही कुणी उरलं नाही. निदान नकाशा अखंड करून धाकट्याच्या घरी लावावा, म्हणून तो भावजयीला घेऊन इथे आला होता.

"पूल त्याच्या तुकड्यात असेल, नीट बघा."

"त्यांची कड हाताने कापलेली आहे, अगदी काठाकाठाने. नदी तुमच्याकडेच आली होती. तुमची कड यंत्रावर छाटलीय. फ्रेम करताना."

फ्रेमवाल्याचा फोन आला होता खरा. चौकटीत बसत नाही, जरा छाटू का? कामाच्या गडबडीत थोरला म्हणाला होता, छाटा की. नकाशा नीट पाहिला तो भिंतीवर चढल्यावर, आणि तिथूनच रागाला सुरुवात झाली होती.

"यांना ठाऊक होतं," भावजय हळूच म्हणाली. "तुमच्या मुलीच्या लग्नाला आलो होतो, तेव्हा भिंतीवर बघितलं यांनी. म्हणाले, फ्रेमवाल्याने दादाचा पूल खाल्ला."

"मग मला का नाही बोलला?"

तिने पिशवीचे बंद उगाच सरळ केले.

"बोलायलाच थांबले होते, दादा. यांना बघून तुम्ही आतल्या खोलीत गेलात. आम्ही अर्धा तास दाराशी उभे होतो."

थोरल्याला तो अर्धा तास चांगलाच आठवत होता. आत त्याला काहीही काम नव्हतं.