कावेरीबाईंची फेरी

कावेरी चामराजपेटेतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. माहेर निपाणीकडचं, खो-खोत नाव काढलेली. मैदानावर पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि कंबर जी धरली ती सुटलीच नाही. वर्षं उलटली, एमआरआय स्वच्छ आला, तरी दुखणं होतं तिथंच. फोटोत काही नाही तर दुखतंय काय, असं सासूबाई अंबुबाई विचारत. बरं वाटलं की ती शाळेतल्या मुलींबरोबर मनसोक्त धावे, मग अंथरूण धरे. मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाचं काम सुचवलं, त्या दिवशी ती घरी येऊन रडली.

शेवटी ती वेदनांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर नीलांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुखणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "इजा भरून आलीय, पण नसांना अजून धोका वाटतोय. बरं वाटेल त्या दिवशी हात राखून करा. दुखेल त्या दिवशीही थोडं चाला."

कावेरीला हे ओळखीचं वाटलं. दुखापतीतून उठलेल्या मुलीला ती असंच हळूहळू मैदानावर आणत असे. स्वतःशी मात्र कधी तसं वागली नव्हती. आता ती रोज ठरलेलं तेवढंच चाले, व्यायाम करी, वेळेवर झोपे. वाईट दिवस येतच राहिले, पण तिची भीती ओसरत गेली.

मुलींच्या आंतरशालेय खो-खो सामन्याला ती प्लास्टिकचं स्टूल घेऊन गेली. थोडं बसे, उठून चार पावलं टाकी, सगळ्यांदेखत कंबर ताणी. तब्येत बरी नाही का, असं समोरच्या संघाच्या सरांनी विचारलं.

"कंबर दुखतेय, सर. रोजच दुखते. तिला सांभाळूनच शिकवते," ती म्हणाली. एरवी तिनं हसून टाळलं असतं.

मुली जिंकल्या. बाईंना ओढत मैदानाला फेरी मारायला निघाल्या. कंबर त्या घडीला हलकी होती आणि पाय शिवशिवत होते.

"तुम्ही पळा. मी चालत येते," कावेरी म्हणाली.

मुली पुढं धावल्या, मग थबकल्या, आणि सगळा संघ तिच्या चालीनं चालत आला. कावेरीची मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी कंबर ठणकत होती, पण कावेरी उठली, शाळेला निघाली. दारात शेजारच्या रत्नाबाई अंबुबाईंना म्हणाल्या, सून आता बरी झाली म्हणायची.

"बरी कुठली, अक्का. दुखतंय तिला," अंबुबाई म्हणाल्या. "दुखणं अंगावर घेऊन पोरींना जिंकवून आणलंय तिनं."