एक दिवस टोरांटो, एक दिवस सस्काटून

रमजानच्या पहिल्या आठवड्यात कॅनडातल्या दोन विद्यापीठांनी मिनाजला प्रवेश दिला. एक टोरांटोचं, दुसरं सस्काटून नावाच्या शहरातलं. दोन्हीकडं शिकण्याराहण्याचा खर्च विद्यापीठच उचलणार होतं. एप्रिलच्या मध्यापर्यंत एकाला हो आणि दुसऱ्याला नाही कळवायचं होतं.

मिनाजचे अब्बा, लालमहंमद, तेरखेड्यात शोभेची दारू बनवायचे. गावाबाहेरच्या माळावर त्यांचं छोटं युनिट होतं आणि हायवेला दुकान. लहानपणी संध्याकाळी अब्बा नवा माल उडवून बघायचे, तेव्हा मिनाज अंगणात मान वर करून उभी राहायची आणि विचारायची, हिरवा रंग कुठून येतो? अब्बा सांगायचे, पावडरमधून. मग पावडरमध्ये कुठून येतो, याचं उत्तर शोधत शोधत ती संभाजीनगरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली. पुढं तिला आभाळाच्या अगदी वरच्या हवेचा अभ्यास करायचा होता. उत्तर ध्रुवाकडं ती हवा रात्री आपोआप उजळते, दारू न लावता. वर्षभर दुकानात बसून तिनं परदेशातल्या प्राध्यापकांना मेल लिहिले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. पुण्याला जाऊन इंग्रजीची परीक्षा दिली, 'मला हे का शिकायचंय' हे पुन्हा पुन्हा खोडून लिहिलं, आणि अखेर हे दोन होकार आले.

सस्काटूनच्या इन्ग्रिड नावाच्या प्राध्यापिकेनं स्वतः मेल लिहिला होता. तिच्या हाताखाली दोन वर्षं संशोधन करायचं होतं, विषय तोच, उत्तरेकडचा उजेड. टोरांटोचं पत्र विद्यापीठाच्या ऑफिसातून आलं होतं. तिथं आधी वर्ग, मग जमेल तसा प्रकल्प. पण नाव मोठं होतं, आणि पुढं नोकरीला त्याचा उपयोग होणार होता.

मिनाज काही ठरवायच्या आत अब्बांनी दुकानावर येईल त्याला टोरांटोचं सांगून टाकलं. चार दिवसांत बसस्टँडजवळ फ्लेक्स लागला. वर मिनाजचा फोटो, शेजारी टोरांटोचा तो उंच मनोरा, खाली अभिनंदन करणाऱ्या पोरांचे फोटो तिच्यापेक्षा मोठे. अब्बा रोज नमाजला जाताना वाट वाकडी करून त्याच्याखालून जायचे.

"अम्मी, मला अजून ठरवायचंय," मिनाज आईला म्हणाली.

"मग ठरव की," नूरुन्निसा म्हणाली. "पण दुसऱ्या गावाचं नाव लई अवघड हाय. सासकाटून. तिथं सासू असतीया का काय?"

रोज्याच्या दुपारी लांब असायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसायचं, हायवेवरून ट्रक जायचे, उन्हात डांबर पाण्यासारखं हलायचं. पोट रिकामं, डोकं हलकं. अशाच एका दुपारी मिनाजनं ठरवलं, एक दिवस टोरांटोत राहून बघायचं आणि एक दिवस सस्काटूनमध्ये. बसल्या जागेवरूनच.

टोरांटोच्या दिवशी ती सकाळी तिथलं हवामान बघायची आणि मनातल्या मनात जाड कोट घालायची. दुकानाकडं जाताना मशिदीच्या कोपऱ्यावर लाल ट्राममध्ये चढायची. शाळेजवळ मोठा तलाव लागायचा, त्याचा पलीकडचा काठ दिसायचा नाही. माणसं चहूकडून यायची, हजार भाषा बोलायची, आणि तिला त्यातली एक व्हायला आवडायचं. सस्काटूनच्या दिवशी गाव तेच असायचं, पण सपाट. गोठलेली नदी, तिच्यावर एकामागं एक पूल, आणि पुलांपलीकडं कुठंच न संपणारी रानं. तिथं आभाळ खाली जमिनीपर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. ती त्या बर्फावरून चालत किराणा आणायला जायची आणि येताना साखर विसरायची.

नूरुन्निसाच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. तिनं विचारलं, मिनाजनं खरं ते सांगून टाकलं. आई हसेल असं वाटलं होतं. नूरुन्निसा हसली नाही. इफ्तारीचे खजूर धूत ती म्हणाली, "उद्या मी बी येते. एकटी कशाला फिरतीस?"

मग रोज सकाळी ती विचारायची, "आज कुठं हाईस?" आणि मिनाज सांगेल तिथं तीही जायची. भाजी निवडताना म्हणायची, "ह्या तुझ्या टोरांटोत लई गर्दी हाय बाई, माझा हात सोडू नको." कधी अंगणात कपडे वाळत घालताना थांबून विचारायची, "नदीवर बर्फ हाय म्हणतीस, मग बाया धुणं कुठं धुत्यात?" मायलेकी अशा रोज्याचे उरलेले दिवस दोन शहरांत राहिल्या. घरातल्या बाकीच्यांना फक्त इतकंच दिसायचं, की दोघी काम करता करता मध्येच गप्प होतात.

ईदला थोडे दिवस राहिले असताना एका दुपारी नूरुन्निसा दुकानात आली आणि लेकीच्या शेजारी बसली. मिनाज उगीच समोरच्या माळाकडं बघत होती.

"पूल ओलांडला का?" आईनं विचारलं.

"ओलांडला. पलीकडं कुणीच नाय. लई शांत हाय."

"मिनाज, आज टोरांटोचा दिवस हाय."

मिनाज दचकली. सकाळी आईला तिनं टोरांटोच सांगितलं होतं. पण ट्राम, तलाव, गर्दी, काहीच आठवत नव्हतं. ती घराबाहेर पडल्यापासून पुलावरच होती.

"आता अब्बांना सांगावं लागंल," ती हळूच म्हणाली.

अब्बांना सगळं जरा मोठ्यानं सांगावं लागायचं. इतकी वर्षं माल उडवून त्यांचे कान अधू झाले होते. इफ्तारीनंतर मिनाजनं सांगितलं. ते खाटेवर टेकले.

"फ्लेक्सवर टोरांटो हाय," ते म्हणाले.

"व्हय अब्बा."

"लोक म्हणतील, तिथं घेतलं न्हाय म्हणून दुसरीकडं गेली."

"म्हणतील."

ते उठून नमाजला गेले. त्या दिवशी त्यांनी वाट वाकडी केली की नाही, ते कुणी बघितलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच विषय काढला. "त्या बाईशी मला बोलायचंय. जी तुला शिकवणार हाय तिच्याशी."

मिनाजनं इन्ग्रिडला मेल केला. इन्ग्रिडनं लगेच वेळ दिली, तिची सकाळ, तेरखेड्याची संध्याकाळ. फोनवर पिकल्या केसांची, गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळलेली बाई दिसली. तिच्या मागच्या खिडकीत नुसतं पांढरं होतं. अब्बांनी टोपी नीट केली, सलाम केला आणि आपल्या कामाबद्दल दोन वाक्यं सांगितली. मिनाज इंग्रजीत सांगत गेली. मग ते म्हणाले, "तिला विचार, त्यो उजेड पडतो तवा आवाज होतो का?"

मिनाजला हे अपेक्षित नव्हतं. तिनं विचारलं. इन्ग्रिड स्क्रीनजवळ सरकली.

"काही लोक शपथेवर सांगतात, की होतो," ती म्हणाली. "मी तरुणपणी कितीतरी वेळा बर्फावर पडून कान लावून ऐकलंय. मला कधी काही ऐकू आलं नाही."

मिनाजनं अब्बांच्या कानाशी जाऊन हे मराठीत सांगितलं. अब्बांनी मान डोलावली. "म्हणजे तिलाबी माझ्याइतकंच ऐकू येतं," ते म्हणाले, आणि हसले. मिनाजनं तेही भाषांतर केलं. पलीकडं ती बाई इतकी हसली, की मफलर सुटला.

फोन ठेवल्यावर अब्बा म्हणाले, "आयुष्यभर आवाज केला म्या. तू बिनआवाजाचं बघ. जा तिकडंच."

ईदनंतर मिनाजनं सस्काटूनला हो कळवलं. टोरांटोला नकार लिहायला मात्र तिला जास्त वेळ लागला. चार ओळींचाच मेल, पण ज्या शहरात इतके दिवस राहिलो ते रिकामं करून कुलूप लावतोय असं तिला वाटत राहिलं. नूरुन्निसालाही त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

फ्लेक्स अब्बांनी स्वतः उतरवला. लोकांनी विचारलंच, आणि काहींनी जे म्हणायचं तेही म्हटलं. अब्बा ऐकू न आल्यासारखं करून पुढं निघायचे. व्हिसा रखडला, पार जुलैअखेर आला, तोवर घरात कुणी बॅगेचं नाव काढलं नाही.

सप्टेंबरात मिनाज सस्काटूनला पोचली. नदी गोठलेली नव्हती, रुंद आणि करडी वाहत होती, आणि काठाला पिवळी पानं साचली होती. पहिले कितीतरी दिवस ढगच होते. ती इन्ग्रिडच्या प्रयोगशाळेत बसून आभाळाकडं लावलेल्या कॅमेऱ्यांचे जुने आकडे तपासायची, आणि घराची आठवण आली, की नदीवर जाऊन यायची.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या शिवप्रिया नावाच्या मुलीनं तिला गाडीत घालून शहराबाहेर नेलं. शिवप्रिया सोलापूरकडची, तिथं दुसऱ्या वर्षाला होती. कापणी झालेल्या रानाच्या कडेला दोघी उतरल्या. उत्तरेला क्षितिजावर फिकट राखाडी पट्टा होता. मिनाजनं तो ढग समजून मान फिरवली.

"तोच आहे," शिवप्रिया म्हणाली. "डोळ्यांना आधी असाच दिसतो. फोटोतला गडद हिरवा रंग कॅमेऱ्याचा."

मिनाजचं मन खट्टू झालं. एवढ्यासाठी एवढं लांब? ती गाडीला टेकून तशीच बघत राहिली. वारा बोचत होता. मग तो पट्टा जरा हलला, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा, आणि परत निजला. पुन्हा हलला, तेव्हा त्याला वर जाणाऱ्या बारीक उभ्या रेषा फुटल्या, आणि त्यांच्या मुळाशी अगदी पुसट हिरवं होतं, असेल नसेल इतकंच.

"चल, गारठशील," शिवप्रिया म्हणाली.

"तू गाडीत बस," मिनाज म्हणाली. "मी आलेच." आणि ती रानात आणखी थोडं पुढं चालत गेली.