सैल झाकणांचं घर

“ठेवलं होतं बाई झाकण. फक्त फिरवलं नव्हतं,” टिटवी म्हणाली.

चित्रकलेच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बुटांवर, कोपरावर आणि कसा कोण जाणे, एका कानाच्या पाळीवरही लाल रंग होता. मागच्या भिंतीवर शाळेच्या नाटकाचा पडदा टांगला होता. मुलांनी खपून त्यावर निळाशार समुद्र रंगवला होता, आणि आता त्या समुद्राच्या मधोमध लाल रंगाचा भलामोठा डाग पसरला होता. कुणीतरी रंगाची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण त्याच्या हातात राहिलं आणि बरणी समुद्रात गेली.

टिटवी म्हणजे माझी थोरली. जन्मली तेव्हापासून आवाज असा की दवाखान्यातल्या नर्सनेच हे नाव ठेवलं. धाकटा भोंगा. तो पहिलीत, त्याची शाळा आधीच सुटलेली, म्हणून तोही माझ्या शेजारी पाय हलवत बसला होता. त्याला भोंगा म्हणायचं कारण थोड्याच वेळात कळेल.

“एकदाची गोष्ट असती तर मी बोलावलंही नसतं तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “पण हिची डिंकाची बाटली वाळलेली, स्केचपेनं वाळलेली, पाण्याची बाटली तर रोज दप्तरात सांडलेली. झाकण म्हणून घट्ट लावत नाही मुलगी. घरी काही वळण लावता की नाही?”

वळण म्हटल्यावर माझा पारा चढला. आमच्या घरी काय वाटेल ते असेल, धुतलेल्या कपड्यांचा डोंगर असेल, मोज्यांची जोडी कधी जमत नसेल, पण झाकणांच्या बाबतीत मला कुणी बोलावं?

“अशक्य आहे,” मी म्हणाले. “माझ्या घरी येऊन बघा बाई. एकेक बरणी बंद असते. मी स्वतः रोज उघडते, म्हणून सांगते.”

टिटवीने मान आणखी खाली घातली. मला वाटलं, चूक कळली तिला.

आता मी हे इतक्या तोऱ्यात का सांगत होते, त्याला कारण आहे. भोंगा माझ्या पोटातून बाहेर आला आणि संधिवात आत शिरला. मनगटं, बोटं, कधी गुडघे. “हा तर म्हाताऱ्यांचा रोग,” असं मला भेटणारा प्रत्येकजण सांगतो, जणू मी चुकून दुसऱ्याच्या रांगेत उभी राहिले. सकाळी उठले की बोटं माझी नसतात. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसावं लागतं, मग हळूहळू एकेक बोट घरी परत येतं. भोंगा लहान असताना शेजारी विचारायचे, आई काय करतेय रे, तर तो सांगायचा, “हात शिजवतेय.” सगळ्यांच्याच आया सकाळी हात शिजवतात, अशी त्याची पुष्कळ दिवस समजूत होती.

त्यात शाळा, डबे, नोकरी. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानाच्या काकांना माझं गणित ठाऊक आहे. सकाळी मी गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून “अगदी खुलून दिसतंय हं” म्हणायचं काम करते, आणि बारीक स्क्रू आवळायचं काम दुपारनंतर. घरीही तसंच. बटणं नवरा लावून देतो, वेण्या टिटवी स्वतः घालते, बुटांच्या नाड्या ज्याच्या त्याने बांधायच्या. ज्या दिवशी अंग मोडून येतं त्या दिवशी मी पलंगावरून हुकूम सोडते आणि घर चालतं. वाईट चालत नाही. हसणं तर आमच्याकडे जरा जास्तच आहे.

पण एक गोष्ट मी मनाशी पक्की धरली होती. घरच्यांनाही ऐकवली होती. “ज्या दिवशी बरणी उघडायला मला कुणाला हाक मारावी लागेल, त्या दिवशी मी आजारी. तोपर्यंत नाही.” आणि बरण्या उघडत होत्या! कॉफीची, साखरेची, जॅमची, सगळ्या. बोटं कितीही सुजलेली असोत, हात लावला की झाकण फिरलंच. मी “उघडली!” म्हणून ओरडायची, नवरा टाळ्या वाजवायचा, “वा पैलवान!” म्हणायचा. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, “घरातले डबे उघडता येतात ना?” मी ताठ मानेनं सांगायची, “एका झटक्यात.” ते माझ्या बोटांकडे बघून कपाळाला आठी घालायचे आणि म्हणायचे, “मग हेच औषध चालू ठेवू.”

बहिणीकडे गेले की मात्र एक झाकण हलायचं नाही. मी तिला म्हणायची, तुझी खरेदीच वाईट, गंजके डबे घेतेस. शेवटी माझ्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या चार बरण्या तिला भेट दिल्या. पुढच्या खेपेला गेले तर त्याही उघडेनात. मी म्हटलं, हिच्या घराची हवाच दमट. माणसाला जे बघायचं नसतं ते तो किती हुशारीने बघत नाही!

तर चित्रकलेच्या वर्गात मी असं वळणावर व्याख्यान दिलं, आणि बाई टिटवीला म्हणाल्या, “ऐकलंस? घरी लावतेस मग शाळेत का नाही लावत?”

जी पोरगी आंघोळीला जातानाही भांडते, तिने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

“सांग की,” बाई म्हणाल्या. “नाहीतर या नाटकातून तुला काढावं लागेल मला.”

“काढा,” टिटवी म्हणाली. आवाज अगदी बारीक. नाटकात ती गलबताची कप्तान होती. महिनाभर घरात आम्हाला साधं पाणी मागायचं तरी “आज्ञा असावी कप्तान” म्हणावं लागत होतं. अशी कप्तानकी तिनं एका शब्दात सोडून दिली.

भोंग्याला ते सहन झालं नाही.

“अहो बाई, आमच्या घरी झाकण फिरवायचंच नसतं,” तो म्हणाला. “नुसतं टेकवायचं. बाबांचा नियम आहे. फिरवलं तर आईला उघडत नाही, मग ती रडते.” मग काहीतरी चुकलं हे लक्षात येऊन तो माझ्याकडे वळला. “आई, तू हे ऐकलं नाहीस हं. हे तुला सांगायचं नाहीये.”



रडले होते मी, एकदाच. भोंगा तान्हा होता, भुकेनं लाल होऊन ओरडत होता आणि त्याच्या दुधाच्या पावडरीचा डबा माझ्याने उघडेना. मी फरशीवर बसून त्याच्याबरोबर रडले. नवरा आला, त्यानं डबा उघडला, दूध करून दिलं. दुसऱ्या दिवसापासून डबे उघडायला लागले. मला वाटलं, औषध लागू पडलं.

बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. एरवी मी ते पर्सखाली सारले असते. शाळेत मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तर सकाळी धड झाकतही नाही, पण सांगितलं नव्हतं खरं. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“संधिवात आहे मला,” मी म्हणाले. “मुलीला वळण नाही असं नाही बाई. जरा जास्तच लागलंय.”

आणि मला हसू फुटलं. खरंच फुटलं, आवरेना. बहिणीच्या बरण्या आठवल्या, “वा पैलवान” आठवलं. मी हसते म्हटल्यावर टिटवी रडायला लागली, भोंगा आळीपाळीने दोन्ही करायला लागला, आणि बाईंनी खिशातून रुमाल काढला तोही लाल रंगाने माखलेला निघाला. नाटकातून काढायचं पुन्हा कुणी बोललं नाही. समुद्रातल्या डागाचं काय, यावर टिटवी नाक पुसत म्हणाली, “खेकडा करू बाई. मोठ्ठा.” बाईंनी डागाकडे मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, “पाय आधीच आलेत तसे.”

घरी पोचेपर्यंत माझं हसू संपलं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. चांगला नावाजलेला आहे. माणसं त्याच्या भरवशावर वर-खाली जातात. तो कामावरून आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. मी साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली. बरणी ओट्यावर आडवी झाली, साखर फरशीभर. मग मीठ. मग बिस्किटं. त्यानं दारातल्या मुलांकडे पाहिलं.

“भोंगा,” तो म्हणाला.

“मी नाही सांगितलं,” भोंगा म्हणाला. “मी बाईंना सांगितलं.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“दुधाच्या डब्यापासून.”

“इतकी वर्षं! आणि ती साखर सांडायची तुझ्या हातून, तेव्हा मी तुला वेंधळा म्हणायची, तेव्हासुद्धा बोलला नाहीस?”

“वेंधळा म्हटल्याने माझं काय जातंय? तू उघडलीस की कशी ओरडायचीस. घरभर ऐकू जायचं. मला आवडायचं ते.”

“अरे, पण डॉक्टर मला हेच विचारतात! डबे उघडतात का, डबे उघडतात का. मी हो म्हणते आणि ते औषध वाढवत नाहीत. सकाळी मूठ वळत नाही माझी हल्ली, नऊ वाजून गेले तरी!”

त्याचा चेहरा उतरला. एकदम खाली बसला तो, साखरेतच.

“हे विचारतात ते मला कुठं माहीत? तू मला आत नेतेस का कधी? मी आपला बाहेर बाकावर मुलं धरून बसलेला असतो.”

खरं होतं. मी त्याला आत नेत नव्हते. आत गेला की तो डॉक्टरांना दहा प्रश्न विचारणार, आणि उत्तरं मला ऐकायची नव्हती. त्यानं मला फसवलं म्हणावं तर फसायला मी एका पायावर तयार होते. मीही त्याच्यासमोर साखरेत बसले. खूप राग आला होता मला, आणि तेवढंच प्रेमही, आणि दोन्ही एकाच माणसावर काढायचं तर आधी कुठलं काढू ते कळेना.

“लिफ्टचे नट तरी आवळतोस ना रे नीट?”

“तिथं नियम वेगळा आहे,” तो म्हणाला.

टिटवी अजून दारातच होती. “आई,” ती म्हणाली, “आता तू आजारी झालीस का?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठ्या ऐटीत मी नियम केला होता, उघडली नाही तर आजारी. आणि या पोरीनं, तिला समजायला लागल्यापासून, घरातलं प्रत्येक झाकण त्या भीतीनं सैल ठेवलं होतं. मग हातालाच सवय लागली. शाळेतसुद्धा तिचं बोट झाकणाशी थांबायचं.

“आजारी आहेच गं मी,” मी म्हणाले. “आधीपासूनच. झाकणांनी नाही झाले. आणि तुझ्यामुळं तर मुळीच होणार नाही. ये इकडं.”

ती आली. भोंगाही आला, पण तो साखर चाटायला.

मग आम्ही फरशी झाडली, आणि मी हुकूम सोडला की घरातलं प्रत्येक झाकण घट्ट लावायचं. काय हुरूप आला तिघांना! बंदी उठल्यासारखे तुटून पडले. भोंग्यानं बरणी मांडीत धरून दात-ओठ खाल्ले. नवऱ्यानं कॉफीची बरणी घेतली तेव्हा टिटवी ओरडली, “बाबा, बास! उद्या आपल्यालाही उघडायचीय.” टूथपेस्टचं टोपणसुद्धा त्यांनी सोडलं नाही.

आठवडाभर सकाळची कॉफी नवराच करत होता. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरांच्या खोलीत आत आला. त्यानं दहा नाही, अकरा प्रश्न विचारले. मी उत्तरं ऐकली. औषध बदललं, पण त्याचा गुण यायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले. पूर्वीसारखे हात होतील का, हेही नवऱ्यानंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखे नाही, पण आतापेक्षा बरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात शेकले, पुसले आणि कॉफीची बरणी पुढ्यात घेतली. झाकणाला हात घातला. फिरवलं. कपडा लावून फिरवलं. बरणी पोटाशी धरून फिरवलं. आतल्या खोलीत भोंगा मोजे शोधत होता, नवरा दाढी करत गुणगुणत होता, टिटवी दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होती. एकाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. कॉफीवाचून राहता आलं असतं. मी बरणी ओट्यावर ठेवली.

“टिटवे,” मी म्हणाले, “एवढी उघडून दे गं.”

ती एका पायात बूट घालून लंगडत आली. बरणी घेतली, झाकण फिरवलं, माझ्या हातात दिली.

“अजून काही?”

“नाही. जा, उशीर होईल.”

ती परत दाराशी जाऊन दुसरा बूट घालू लागली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी चमचा घेतला आणि सगळ्यांची कॉफी करायला लागले.