बोटभर लांबचा खटका

तनुजाला बंदुकीची भीती कधी वाटलीच नव्हती. तिचे वडील सर्जेराव फौजेतून परतल्यावर क्रांती चौकातल्या एका बँकेच्या दारात एकोणीस वर्षं बंदूक घेऊन बसले होते. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज करून बंदूक आणि परवाना लेकीच्या नावावर केला. तनुजा बिडकीनच्या एका कारखान्यात गेटवर रक्षक होती, हातात शिट्टी आणि रजिस्टर. आता तिथंच शस्त्रधारी रक्षकाची जागा निघाली होती. चाचणीत पास झाली की जागा तिची.

अडचण एकच. तिचा हात लई लहान होता.

बंदूक पंपाची होती. नळीखालचा पंप मागं ओढून पुढं ढकलला की काडतूस नळीत बसतं आणि पंप जागीच अडकतो. गोळी झाडली तर तो आपोआप सुटतो. पण न झाडता काडतूस बाहेर काढायचं, तर घोड्याभोवतीच्या कडीपुढं डाव्या अंगाला एक बारीक खटका असतो, तो दाबावा लागतो. तनुजाचं बोट तिथं पोचतच नव्हतं. ताणलं की पकड ढिली व्हायची, दस्ता खांद्यावरून घसरायचा, आणि चाचणीआधीच्या सरावात एकदा तर बोट थेट घोड्याला लागलं.

"डमी काडतूस होतं म्हणून वाचलो!" शिकवणारे अप्पाराव ओरडले. निवृत्त हवालदार माणूस, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. "हात लहान, दस्ता लांब. तुझ्यानं व्हायचं नाय हे, पोरी."

घरी तिनं वडिलांना विचारलं, "आबा, तुम्ही कसं करता?"

सर्जेरावांनी रिकामी बंदूक हातात घेतली. त्यांच्या रुंद पंजातलं बोट सहज खटक्यावर गेलं. "असं," ते म्हणाले. मग लेकीच्या हाताकडं पाहून ओशाळले. "मला कधी विचारच करावा लागला नाय गं."

ते आत गेल्यावर तनुजा रिकामी बंदूक घेऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. दहा वेळा ताणून पाहिलं, बोटाला रग लागली. मग तिच्या मनात आलं, काडतूस काढायचंय तर गोळी झाडायचीच नाय. मग हात घोड्यापाशी ठेवायचाच कशाला? तिनं दस्ता काखेत घट्ट दाबला आणि उजवा हात सोडून कडीखालून पुढं नेला. मधलं बोट अलगद खटक्यावर बसलं. घोडा आता मागं, बोटांपासून लांब राहिला.

पण खटका दबेना. दुसऱ्या दिवशी अप्पारावांनी तिची ती नवी पकड पाहिली आणि कपाळावर आठ्या घातल्या. मग वाकून दोन्ही बाजूंनी नीट निरखलं.

"घोडा बोटापासून लांब राहिलाय. बरं आहे हे," ते हळूच म्हणाले. "पण डाव्या हातानं पंप ओढून धरतेस, म्हणून खटका रुततोय. आधी पंप जरा पुढं ढकल. मग दाब. मग ओढ."

खट् झालं आणि डमी काडतूस उडून मातीत पडलं. तनुजा हसली. अप्पाराव हसले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी तिच्याकडून ते चाळीस वेळा करून घेतलं.

चाचणी शहराजवळच्याच सातारा डोंगराकडच्या मैदानावर होती. तनुजाच्या शेजारी दुसऱ्या कारखान्यातून आलेला राजेंद्र नावाचा उंचापुरा उमेदवार उभा होता. "भर!" हुकूम झाला. दोघांनी एकेक खरं काडतूस नळीत चढवलं. तेवढ्यात निशाण्यामागच्या टेकाडावर एक शेळी दिसली आणि तिच्यामागं धावत येणारी म्हातारी.

"थांबा! खाली करा!" अप्पाराव गरजले.

तनुजानं नळी पुढच्या मातीकडं वळवली. दस्ता काखेत, हात कडीखाली. पुढं, दाब, मागं. काडतूस पायाशी पडलं. शेजारी राजेंद्र दात-ओठ खात पंप ओढत होता, आणि घाबरून त्याचं बोट घोड्याकडं सरकत होतं.

"राजेंद्रभाऊ, बोट काढा तिथून!" ती ओरडली नाही, पण आवाज ठाम होता. "ओढू नका. आधी पुढं ढकला. हां. आता खटका दाबा आणि ओढा."

त्याचंही काडतूस बाहेर पडलं. तो घामानं चिंब झाला होता.

म्हातारी शेळीचा कान धरून खाली आली. सारजाबाई तिचं नाव. "साखळी तोडून पळाली बया," ती धापा टाकत म्हणाली. "मारलं असतं का वो मला?"

"नाय आजी," तनुजा म्हणाली आणि तिला पाण्याची बाटली दिली.

नंतर दोघांनीही निशाणं साधली. राजेंद्रचे छर्रे अधिक नेमके बसले होते. अप्पारावांनी दोघांच्या कागदांवर 'पास' लिहिलं आणि तनुजाला बाजूला बोलावलं.

"पुढच्या तुकडीत चार बायका येताहेत. रविवारी तासभर मोकळी आहेस का? ती पकड तू शिकव. मला तुझ्याइतकी जमत नाय."

"येते की, उस्ताद," ती म्हणाली.