हिरव्या शाईची सही

वही हातात घेण्याआधी मुकादमांनी दोन्ही तळवे पँटला पुसले. मग साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर वही ठेवून ते तिच्यावर वाकले.

"पान उघडलेलंच आहे," वकीलबाई म्हणाल्या. "खालची सही कुणाची?"

"माझी."

"वरचं वाचता येतं?"

"येतं की. 'चराच्या दोन्ही बाजूंना फळ्यांचा आधार लावला आहे. पाहिले.'"

"तारीख?"

मुकादम थांबले. "तीच," ते म्हणाले. "त्याच दिवसाची."

न्यायाधीशांनी उत्तर टिपून घेतलं. त्या दिवशी बारा फूट खोल चराची कड खचली होती आणि पाइप जोडायला खाली उतरलेला मुकादमांचा मुलगा मातीखाली गेला होता. चोवीस वर्षांचा. चराला आधाराची एकही फळी नव्हती, असं मुकादम आणि त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. दोघांनी मिळून बांधकाम कंपनीवर दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं या वहीत होतं. फळ्या लावल्या होत्या, मागाहून कुणी काढल्या असतील तर ते मुकादमाने बघायचं. तपासून सही करणं त्याचं काम, आणि सही त्याचीच. सरळ सांगायचं तर, मुलगा गेला तो बापाच्या हलगर्जीपणाने.

वकीलबाई कंपनीच्या बाजूने उभ्या होत्या. काळा कोट अंगावर चढण्याआधी त्यांनी बारा वर्षं साइटवर इंजिनिअर म्हणून काढली होती. पाये, पूल, पाण्याच्या टाक्या. नोकरी करता करता कायदा शिकल्या आणि चाळिशीला टेकताना पहिल्यांदा कोर्टात उभ्या राहिल्या. 'बाई कोटाच्या आत हेल्मेट घालून येतात' असा विनोद वकिलांच्या खोलीत चालायचा. पण कुठे छत कोसळलं, पूल खचला, भिंतीला तडा गेला, की कंपन्या त्यांचंच दार ठोठावत. त्यांना नकाशा समजावून द्यावा लागत नसे. समोरचा तज्ज्ञ आकडे फेकायला लागला की त्या मधेच एखादा साधा प्रश्न विचारत आणि त्याची बोबडी वळे.

मुकादमांचा वकील तरुण होता, मेहनती होता. पण साइटवर त्याने आयुष्यात एकदाच पाऊल टाकलं होतं, तेही अपघाताची जागा बघायला. त्याच्याकडे वहीची झेरॉक्स होती. झेरॉक्समध्ये सगळ्याच सह्या काळ्या दिसतात.

मूळ वही वकीलबाईंनी मागच्या आठवड्यात चाळली होती. पहिल्यापासून मुकादमांच्या सह्या निळ्या बॉलपेनने केलेल्या, पानांच्या कडांवर चिखलाच्या बोटांचे ठसे. शेवटची पाच पानं मात्र कोरी करकरीत, आणि सह्या हिरव्या शाईत. त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं होतं. "पेन बदललं असेल, मॅडम," तो म्हणाला होता. शनिवारी दुपारी आठवड्याभराच्या सह्या एका बैठकीत घ्यायची पद्धत त्यांना ठाऊक होती. त्यांनीही आपल्या मुकादमांकडून तशा घेतल्या होत्या. तसंच काहीतरी असेल, असं स्वतःला सांगून त्यांनी वही मिटली होती. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न विचारू नये, हे वकिलीतलं पहिलं शहाणपण त्यांनी फार लवकर आत्मसात केलं होतं.

"सही करताना कुणी जबरदस्ती केली?"

"नाही."

"मग वाचून केलीत?"

"नसेल वाचलं." मुकादमांचा आवाज खाली गेला. "तीस वर्षं सह्या करतोय. साहेब वही पुढे करतात, आपण करतो. त्या दिवशीही केली असेल. फळ्या दुसऱ्या साइटवर गेल्या होत्या, उद्या येतील म्हणाले होते. तरीपण सही केली असेल. माझंच चुकलं असेल. दोन वर्षं तेच डोक्यात आहे."

त्यांच्या वकिलाने पेन टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या बाकावर मुकादमांची बायको मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

एवढं पुरेसं होतं. वकीलबाईंनी कागद गोळा केले. आता फक्त "आणखी काही विचारायचं नाही" एवढं म्हणून बसायचं होतं. पण मुकादम वही परत देत नव्हते. त्यांनी एक पान मागे उलटलं, आणखी एक उलटलं, मग पुन्हा पुढे आले. सहीवर अंगठा ठेवला, उचलला, आणि मान वर करून वकीलबाईंकडे पाहिलं. नकाशातली एखादी खूण कळली नाही की माणसं तशी बघतात; साइटवर हजारदा त्यांच्याकडे असं कुणीतरी पाहिलं होतं. आणि दर वेळी त्या जवळ गेल्या होत्या.

त्या दोन पावलं पुढे गेल्या.

"मागच्या सह्या निळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "ही हिरवी का?"

कंपनीचा कायदा अधिकारी खुर्चीत ताठ झाला.

"हे माझं पेन नाही," मुकादम सावकाश म्हणाले. "हिरवं पेन इंजिनिअर साहेबांचं. खिशाला लावलेलं असायचं."

"ते तुम्ही कधी वापरलंत?"

"एकदाच." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "दवाखान्यात. शवागाराच्या बाहेर बाकडं होतं, तिथं. दुसऱ्या दिवशी. साहेब आले, म्हणाले, इथे इथे सह्या करा. पाच ठिकाणी केल्या. मला वाटलं, पोराला ताब्यात द्यायचे कागद आहेत." त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. "म्हणजे... हे होते होय ते?"

मागच्या बाकावरून बायको उठून उभी राहिली. पिशवी खाली पडली, ते तिच्या लक्षात आलं नाही.

"मीच म्हटलं," ती म्हणाली. "जजसाहेब, मीच मागं लागले ह्यांच्या. म्हटलं, वाचत काय बसलाय, करा सही आणि चला त्याला घरी घेऊन."

"बाई, खाली बसा," शिपाई हळूच म्हणाला.

ती उभीच राहिली. न्यायाधीशांनीही तिला पुन्हा बसायला सांगितलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी वही मागून घेतली, पाचही पानं प्रकाशात धरून पाहिली आणि ती कोर्टाच्या ताब्यात ठेवायचा हुकूम दिला.

जिन्याजवळ कायदा अधिकाऱ्याने वकीलबाईंना गाठलं. तो चिडलेला नव्हता, चक्रावलेला होता.

"मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून तुम्हाला घेतलं होतं आम्ही."

"हो ना," त्या म्हणाल्या आणि फाइल त्याच्या हातात दिली. "दुसरा वकील बघा. मला हे काम पुढे चालवता येणार नाही."

पुढे कंपनीने निकालाची वाट न बघता दावा मिटवला, इंजिनिअरवर फौजदारी खटला उभा राहिला, आणि वकीलबाईंकडे येणारी मोठ्या कंपन्यांची कामं वर्षभरात जवळजवळ बंद झाली. त्या दुपारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाला मुकादम कठड्याला टेकून उभे होते, आणि त्यांची बायको वकीलबाईंच्याच दिशेने येत होती. आभार मानायला येत असेल, असं वाटून वकीलबाई जिन्याकडे वळू लागल्या.

"मॅडम, तुम्ही आधी इंजिनिअर होता ना? आमचे वकील म्हणाले."

"होते. बारा वर्षं."

"चराची कामं केलीत?"

"केलीत."

"मग एक विचारू? ह्यांना विचारलं की हे उठून बाहेर जातात. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, अहवालात आहे. अहवाल इंग्रजीत." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माती पडल्यावर त्याला कळलं असेल का? किती वेळ लागतो?"

वकीलबाईंना माती ठाऊक होती. छातीभोवती ती आवळली की श्वास सोडता येतो, परत घेता येत नाही, हेही ठाऊक होतं. मुकादमांनी पोलिसांना दिलेला जबाब फाइलमध्ये होता, तो त्यांनी तीनदा वाचला होता. 'मी हातांनी उकरत होतो. आतून आवाज येत होता. मला बाबा म्हणून हाक मारत होता. नंतर आवाज थांबला.'

"नाही," त्या म्हणाल्या. "काही कळत नाही. लगेच होतं."

"लगेच म्हणजे?"

"डोळ्याची पापणी लवते ना, तेवढ्यात. इंजिनिअर म्हणून सांगते."

बाईने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग मागे वळून हाक मारली, "अहो, इकडे या. इकडे या हो. ह्या मॅडम काय सांगतायत ऐका. काही कळलं नाही म्हणे त्याला. पापणी लवायच्या आत गेलं पोरगं."

मुकादम जवळ आले. त्यांची नजर वकीलबाईंच्या नजरेला भिडली आणि तिथेच राहिली. वकीलबाईंना मान फिरवायची होती, पण ते जमलं नाही.

"हो ना, मॅडम?" बाईने विचारलं. "सांगा ना ह्यांना."



"हो," मुकादमच म्हणाले. "बरोबर सांगतायत त्या. तसंच असतं."

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीत?" बाईचा आवाज चिरकला. "दोन वर्षं मी... सांगायचं नाही का?"

मुकादमांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आपल्या खांद्याला लावली.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मी कुठे इंजिनिअर आहे?"