गल्लीच्या तोंडावरचा ड्रम

मी एक जुना लोखंडी ड्रम, मित्रांनो. बमरोलीच्या कापड-कामगार वस्तीतल्या एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या कडेला आडवा पडलो आहे. अंगात त्राण उरलेलं नाही. पण माझ्यामुळे काय घडलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

माझी उमेदीची वर्षं कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये गेली. पुढे गंजलो, भंगारात निघालो, तिथून सरलाबाईंनी मला घरी आणलं. खानदेशातल्या या बाई लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामगारांना जेवणाचे डबे देत. माझ्यात त्या जळण ठेवत.

तेवढ्यात मोठ्या रस्त्याचं खोदकाम निघालं. कापडाच्या ताक्यांनी भरलेले टेम्पो आमच्या गल्लीतून पळू लागले. एके सकाळी डबे घेऊन निघालेल्या सरलाबाईंच्या पायावरून एका टेम्पोचं चाक गेलं. पाय वाचला, पण लंगडा झाला.

मग गल्लीची बैठक बसली. गतिरोधक करा, फाटक बसवा, कडेला फरशा घाला, ज्याला जे सुचेल ते तो बोलला. वर्गणीचं नाव निघालं आणि सगळे जांभया देऊ लागले. दिवसभर मशीनवर उभी राहून आलेली माणसं ती!

"आम्ही किरायानं राहतो. घरवाल्यांनी द्यावं," परभणीकडचे काशिनाथ म्हणाले.

"आम्ही का एकट्यांनी? टेम्पो काय आमचेच आहेत?" स्वतःची खोली असलेले भिकनभाऊ उसळले. "पालिकेत अर्ज दिलाय. होईल."

काही झालं नाही. बैठकांमागून बैठका झाल्या. शेवटी वैतागून सरलाबाईंनी मला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल माझ्यात ठासून भरला.

"मना पाय गया," त्या म्हणाल्या, "आते आखो कोना जावाले नको." म्हणजे, आता आणखी कुणाचा जायला नको.

माझ्या दोन्ही बाजूंनी मोटरसायकली जात, टेम्पो मात्र अडत. मुलं रस्त्यात खेळू लागली. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळाली. त्या मानामुळे मी सुखावलो, खोटं कशाला बोलू? पण बैठका बंद पडल्या. कुणी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं, "ड्रम आहे ना!"

मग एका दुपारी काशिनाथांची लेक वैशाली, माहेरी बाळंतपणाला आलेली, कळांनी तळमळू लागली. एकशेआठची गाडी आली आणि माझ्यापाशी थांबली. दहा हात मला ढकलत होते. सरलाबाई लंगडत धावत आल्या आणि त्यांनीही खांदा लावला. मी तसूभर हललो नाही. मित्रांनो, हलायची माझी किती इच्छा होती!

शेवटी वैशालीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. गल्लीचा रस्ता उखडलेला, प्रत्येक खड्ड्याला ती ओरडत होती. गाडीचं दार लागण्याआधीच बाळ जन्मलं. दोघं वाचली. काशिनाथ मात्र माझ्याशेजारी मटकन खाली बसले.

संध्याकाळी सगळे जमले. "फोडा हा ड्रम!" भिकनभाऊ ओरडले.

"फोडा," सरलाबाई म्हणाल्या. "पण उद्या टेम्पो कोण अडवणार?"

मग काशिनाथ उठले. "कुलपाची साखळी लावू. वर्गणी मी पहिली देतो. अन् ताई, किल्ली आळीपाळीनं ठेवू. ज्याची पाळी, तो घर सोडून हलायचा नाही."

"जमेल?" सरलाबाईंनी विचारलं.

"थकलोय सगळेच. तरी जमवावं लागंल."

दुसऱ्या दिवशी घणाचे घाव घालून मला फोडलं. मला राग नाही आला. आता साखळी आहे. कधी किल्लीवाला सापडत नाही, कधी भांडणं होतात. पण हाक मारली की कुणीतरी धावत येतं.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कुणीतरी असाच एखादा ड्रम उभा करील. तो भक्कम दिसेल. पण त्याच्या भरवशावर निजू नका. वाट अडवणं ड्रमलाही जमतं. ती वेळेवर मोकळी करायला माणूसच जागा लागतो.