जुंपून बघू

दिशाहीन तरुण हे राष्ट्राचं सर्वांत मोठं नुकसान असून, आयुष्याला दिशा देण्याहून थोर काम या पृथ्वीतलावर नाही. हा विचार दौंडच्या स्टेशनाजवळ आठ बाय सहाच्या फ्लेक्सवर छापलेला आहे. फ्लेक्सवरचा बाण तेवढा उलटा लागल्यामुळे अंकिता मॅडमच्या करिअर कोचिंगला निघालेला दिशाहीन तरुण आधी शेजारच्या मुतारीत जाऊन येतो.

केंदूरचा विक्रमही तसाच गेला होता. पोलीस भरतीच्या सरावासाठी तो दौंडला खोली घेऊन राहायचा. तीन भरत्या हुकल्या होत्या. ही चौथी आणि शेवटची, कारण पुढं वय बसणार नव्हतं. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस रविवार होता, आणि विक्रमला फॉर्म भरायचा नव्हता. त्याला आचारी व्हायचं होतं. हौदासारख्या कढईपुढं उभं राहून पाचशे माणसांचा रस्सा ढवळावा, एवढंच त्याचं स्वप्न. पण वडिलांना हे सांगायला घरात कुणीतरी बाहेरचं माणूस हवं होतं. म्हणून मॅडम.

वडिलांचं, म्हणजे हौसरावांचं, गणित वेगळं होतं. "भावकी म्हणल्यावर घरात येक पोलीस पायजेच," ते म्हणायचे. "डोकं फुटल्यावर डॉक्टर शिवून देतो. पर फुटायच्या आधी कोण येतो?"

विक्रमनं मॅडमचं नाव काढलं तेव्हा हौसराव नाही म्हणाले नाहीत. त्यांनी उभ्या हयातीत कुठलीच गोष्ट जुंपून बघितल्याशिवाय घेतली नव्हती. बैल तर सगळेच दिवसभर नांगराला जुंपून बघतात. हौसरावांनी जावईसुद्धा दोन दिवस कांदा काढायला लावून मग पसंत केला होता. तो अजून कंबर धरून चालतो, पण टिकला.

"म्याडम असतील चांगल्या," ते म्हणाले. "पर आधी जुंपून बघू. आपल्या माऊलीला लावू त्यांच्या पुढ्यात. त्यो वळणावर आला, तर तुझ्याबद्दल त्या म्हणतील ते ऐकीन. न्हाई आला, तर सांजच्याला गप फॉर्म भरायचा."

माऊली हा हौसरावांचा पुतण्या, धाकट्या सावळारामचा मुलगा. दोन घरांमध्ये एक भिंत होती आणि बांधाचा बावीस वर्षांचा दावा. माऊली चौतिशीचा. नोकरी नाही, धंदा नाही. पण मारामारी तो एखाद्या कारागिरासारखा मन लावून करायचा. पाबळच्या बाजारात त्याला वाट द्यावी लागत नसे, ती आपोआप होई. तो आला तो मटणासाठी.

मटण विक्रमच करत होता. ते धुऊन आधी सरूबाई द्यायच्या, मगच तो हात लावायचा. आईचे लाड म्हणून याकडं कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं.

रविवारी दुपारी मॅडम आल्या. किडकिडीत, तिशीच्या, खांद्याला पांढरा फळा आणि त्याचा तीन पायांचा लोखंडी स्टँड. ओट्यावर फळा उभा राहिला. माऊली समोर स्टुलावर बसला. हौसराव बाजारात बैलाचे दात बघावेत तसे मॅडमकडं बघत राहिले.

"तुमची बलस्थानं कोणती?" मॅडमनी विचारलं.

माऊलीनं उजवी मूठ पुढं केली. "ही. डावी जरा कमी हाय, पर येळंला चालती."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. "छान. आता सांगा, पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल?"

या भावकीत हा प्रश्न आजवर तीनदाच विचारला गेला होता. एकदा फौजदारानं, एकदा समोरच्या वकिलानं, आणि एकदा खुद्द हौसरावांनी, बांधावर, हातात कुऱ्हाड घेऊन.

माऊली सावकाश उठला. "तात्या, ह्ये तुम्ही इचारायला लावलं?"

"आरं, प्रश्न हाय त्यो. बस खाली."

"बाईमाणसाच्या तोंडून धमकी देता व्हय?"

स्टूल हौसरावांच्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या खिडकीची काच घेऊन खाली आलं. हौसरावांनी पाण्याचा पितळी तांब्या भिरकावला. तो माऊलीच्या जबड्यावर बसला, आणि एक दात ओट्यावर टणकन उडाला. माऊलीनं दाताकडं बघितलं, मग चुलत्याकडं, आणि चुलत्याचा कान तोंडात धरला. आवाज ऐकून भिंतीपलीकडून सावळाराम खोऱ्याचा दांडा घेऊन आला. काय झालंय हे त्यानं विचारलं नाही; बावीस वर्षांत त्याची गरज पडली नव्हती. पहिलाच दांडा भावाच्या टाळूवर बसला. हौसरावांचं कपाळ, भुवई, सदरा, सगळं एका दमात लाल झालं.

"दादा, ह्यो बांधाचा!" सावळाराम म्हणाला. "आन् आता ह्यो येतोय त्यो इहिरीचा!"

सरूबाईंनी दिराच्या पाठीत परात घातली. तिचा फक्त आवाज झाला.

गलका ऐकून विक्रम हातात पळी घेऊन बाहेर आला. माऊली हौसरावांचा कान सोडून त्याच्याकडं वळला. विक्रमनं वडिलांच्या तोंडावरून वाहणारं रक्त पाहिलं, डोळे फिरवले आणि उभाच्या उभा आडवा झाला. पळी तेवढी हातात राहिली.

"म्या हात लावल्याला न्हाई!" माऊली घाबरून ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरं बोलत होता, त्यामुळं कुणाचा विश्वास बसला नाही.

सावळारामनं मात्र ऐकलंच नाही. विहिरीचा दांडा वर गेला होता आणि खाली हौसराव गुडघ्यांवर बसले होते. तो दांडा बसता तर दावा तिथंच निकालात निघाला असता.

मॅडमनी स्टँडचा तिसरा पाय उपसला. फळा कलंडला. लोखंड सावळारामच्या मनगटावर बसलं आणि वाळकं चिपाड मोडावं तसा आवाज आला. दांडा गळाला. माऊली पुढं झाला, त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर दुसरा फटका. तो मटकन खाली बसला, नेमका स्वतःच्या दातावर.

"बसा," मॅडम म्हणाल्या. बसायचं आता कुणी राहिलं नव्हतं, तरी हौसराव जरा नीट बसले.

सरूबाईंनी नवऱ्याच्या टाळूवर मूठभर हळद दाबली आणि कांदा फोडून लेकाच्या नाकाशी धरला. विक्रमनं डोळे उघडले.

"रस्सा खाली लागला आसंल," तो म्हणाला.

मॅडमनी वही उचलली, तिच्यावरचं रक्त झटकलं आणि लिहिलं. मग म्हणाल्या, "काका, या मुलाला रक्त बघवत नाही. हा पोलीस झाला तर पंचनामा याचाच करावा लागेल."

"आबा," विक्रम पडल्या पडल्या म्हणाला, "तीन भरत्या म्या गोळा मुद्दाम जवळ टाकलाय."

हळदीतून एक लाल ओघळ खाली आला, तो हौसरावांनी बाहीनं पुसला.

"मला वाटलं, हातात जीव न्हाई पोराच्या," ते म्हणाले. "रोज दोन अंडी वाढवली व्हती."

"त्याचं आम्लेट करून खोलीतल्या समद्यांना घालायचो."

माऊली गुडघा धरून म्हणाला, "म्याडम, माझं उत्तर ऱ्हायलंय. पाच वर्सांनी कुठं, त्ये."

"लिहिलंय मी," मॅडम म्हणाल्या. "इथंच."

माऊलीनं थोडा विचार करून मान डोलावली. त्याला पटलं.

रस्सा खाली लागला नव्हता. दवाखान्यात जायच्या आधी सगळे जेवले. सावळाराम डाव्या हातानं जेवला आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना, कुणाकडंही न बघता, मीठ बरोबर असल्याचं म्हणाला. बावीस वर्षांत या घराबद्दल त्यानं काढलेला हा पहिला बरा शब्द होता. हौसरावांनी तो ऐकला. मग फॉर्म भरायला विक्रमनं हातात घेतलेला फोन काढून उलटा ठेवला.

"ऱ्हाऊ दे त्यो फॉर्म. कढई बघ कुठं मिळती त्ये."

सांजेला मॅडम निघाल्या. सात टाक्यांचं डोकं घेऊन हौसराव गाडीपर्यंत सोडायला आले.

"बैल पारखण्यात म्या चुकत न्हाई, म्याडम. कोचिंग ही कामाची चीज हाय. समद्या गावाला सांगणार."

मॅडम हसल्या. हौसरावांनी भिंतीपलीकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"फकस्त जाताना त्यो फळ्याचा तिसरा पाय तेवढा ठिवून जावा. उद्या सोमवारी बांधाची मोजणी हाय."